स्कॅनरची स्क्रीन बनवताय? कोड वाचण्याच्या आधीचं आणि नंतरचं बघा

कोड वाचायचं काम तुम्हाला करायचंच नाहीये, हे आधी डोक्यात पक्कं करा. आयफोनच्या साध्या कॅमेऱ्यातच २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, क्यूआर वाचला जातो, ॲपमध्ये घालायला अँड्रॉइडवर गूगलचं एमएल किट आहे, आयओएसवर ॲपलचं व्हिजन आणि व्हिजनकिट आहे, आणि कोड वाचणारी ही सगळी तयार मंडळी आपण घरी लिहू त्यापेक्षा खूपच बरं वाचतात. त्यामुळे एखादा स्कॅनर डोकं फिरवतो तेव्हा घोळ बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो. एक, कोड नीट समोर येईपर्यंत माणसाला फोन कसा धरायचा ते कळत नाही, आणि दोन, कोड वाचल्यावर ॲप न विचारता भलतंच काहीतरी करून मोकळं होतं.

सुरुवात परमिशनपासून. ॲप उघडल्या उघडल्या कॅमेरा मागू नका, माणसाने स्कॅनचं बटण दाबलं की मग मागा, तेव्हा कशाला हवाय हे त्याला आपोआप कळतं. आयओएसवर कॅमेरा कशासाठी लागतो ते एका वाक्यात इन्फो डॉट पीलिस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहावंच लागतं, नाहीतर कॅमेऱ्याला हात लावताच ॲप जागच्या जागी बंद पडतं. आणि माणूस "नाही" म्हणाला तर? काळी स्क्रीन दाखवून गप्प बसणारी ॲप्स काही कमी नाहीत. तिथे दोन ओळी लिहा, सेटिंग्जमध्ये नेणारं बटण द्या आणि शेजारी नंबर टाइप करायची सोय ठेवा. अँड्रॉइडवर अधूनमधून एखादाच कोड वाचायचा असेल तर गूगलचा तयार कोड स्कॅनर वापरा, त्याची स्क्रीन प्ले सर्व्हिसेसकडून, म्हणजे फोनमधल्या गूगलच्याच सेवेकडून, येते आणि तुमच्या ॲपला कॅमेऱ्याची परमिशन मागावीच लागत नाही. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना एवढंच पुरेल.

आता चौकट. मधोमध चौकोन आणि बाजूला काळपट पडदा हे सगळेच करतात, करा तुम्हीही, पण ती चौकट फक्त हाताला दिशा दाखवायला आहे, वाचताना पूर्ण फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं अख्खं चित्र, वाचा, कोड जरासा बाहेर राहिला म्हणून माणसाला ताटकळत ठेवायचं काही कारण नाही. अपवाद एकच, एकाच लेबलवर चार बारकोड चिकटलेले असतील तर मात्र भाग मर्यादित करा. आयओएसवर हे करताना लक्षात ठेवा की त्या भागाचा आयत ० ते १ मध्ये मोजतात आणि आडव्या सेन्सरच्या हिशोबाने मोजतात, म्हणून आकडे हाताने काढत बसू नका, कॅमेऱ्याचं चित्र स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रिव्ह्यू लेयरकडूनच बदलून घ्या. बारकोडच वाचायचे असतील तर चौकट रुंद आणि बुटकी ठेवा, चौकोनी चौकट दिली की लोक लांबट बारकोड त्यात कोंबायला फोन मागे नेतात आणि रेघा बारीक होतात.

सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो अंतरावर. कोड धूसर दिसला की माणूस फोन आणखी जवळ नेतो, आणि मोठा सेन्सर असलेल्या नव्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला इतक्या जवळ फोकसच करता येत नाही, म्हणजे जितकं जवळ जाल तितकं बिघडत जातं. त्याला "लांब धरा" सांगून फारसा उपयोग होत नाही, त्यापेक्षा छोट्या कोडसाठी सुरुवातच दुप्पट झूमवर करा, कोड मोठा दिसला की हात आपसूक मागे राहतो. आयओएस १५ पासून कॅमेऱ्याचं किमान फोकस अंतर कोडमधूनच विचारता येतं, त्यावरून किती झूम लावायचा ते ठरवता येतं. एमएल किटमध्येही झूम सुचवायची सोय आहे.

रिझोल्यूशनचा हिशोब सोपा आहे. ईएएन-१३, म्हणजे दुकानातल्या वस्तूंवरचा १३ आकड्यांचा बारकोड, ९५ एकक रुंद असतो (सगळ्यात बारीक रेघेची रुंदी म्हणजे एक एकक), एका एककाला किमान २ पिक्सेल हवेत, म्हणजे कोड फ्रेममध्ये निदान १९० पिक्सेल रुंद पडला पाहिजे. त्यासाठी फोर-के लागत नाही, १२८० बाय ७२० किंवा १९२० बाय १०८० भरपूर झालं, उगाच मोठी फ्रेम दिली की वाचणं मंदावतं. अँड्रॉइडच्या कॅमेराएक्स लायब्ररीमध्ये फक्त ताजी फ्रेम ठेवायची पद्धत निवडा, जुन्या फ्रेमची रांग लागली तर माणसाने फोन हलवून झाल्यावर ॲप मागचंच चघळत बसतं.

कोड छापणारेही तुमच्याच टीममधले असतील तर त्यांना जाऊन भेटा. क्यूआर सगळ्यात लहान २१ बाय २१ ठिपक्यांचा आणि सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ चा असतो, आत मजकूर जितका लांब तितके ठिपके बारीक, तेव्हा लिंक छोटी ठेवली तर स्कॅनरचं निम्मं दुखणं तिथेच संपतं. चारही बाजूंनी ४ ठिपक्यांएवढी रिकामी जागा सोडायची असते, डिझायनर ती सर्रास खातात. मधे लोगो टाकला तर तो चूक दुरुस्तीच्या, म्हणजे कोडचा काही भाग झाकला तरी वाचता यावा म्हणून राखलेल्या, कोट्यातून जातो, हा कोटा पातळीप्रमाणे साधारण ७ ते ३० टक्के असतो, पुढे कागद मळला-फाटला तर त्याच्यासाठी मग काही उरत नाही. काळ्यावर पांढरा कोड काही स्कॅनर वाचतच नाहीत, त्यामुळे ती हौस नको.

टॉर्चचं बटण अंगठ्याच्या टप्प्यात द्या पण टॉर्च आपोआप लावू नका, चकचकीत प्लॅस्टिकवर किंवा दुसऱ्या फोनच्या स्क्रीनवर उजेड पडला की मधे पांढरा डाग येतो आणि वाचत होतं तेही बंद होतं.

फॉरमॅट, म्हणजे कोडचे प्रकार, हेही जेवढे लागतात तेवढेच चालू ठेवा. त्याने वेग वाढतो हे आहेच, पण आयटीएफसारखा (फक्त आकड्यांचा, खोक्यांवर असतो तो) बारकोड तिरका धरला तर अर्धाच वाचून बरोबर असल्यासारखा परत येऊ शकतो, म्हणून तिथे किती आकडे यायला हवेत ते तपासा किंवा सलग दोन-तीन फ्रेममध्ये तेच उत्तर आलं तरच माना. अजून एक खोडी म्हणजे १२ आकड्यांचा यूपीसी-ए (अमेरिकेतल्या वस्तूंवरचा बारकोड) आयओएसची कॅमेरा हाताळणारी एव्हीफाउंडेशन लायब्ररी पुढे शून्य लावून ईएएन-१३ म्हणून देते, डेटाबेसमध्ये १२ आकडे असले तर वस्तू सापडत नाही आणि सगळे कॅमेऱ्याला शिव्या घालत बसतात.

कोड वाचला गेला की त्या क्षणी सांगा, फोन थरथरवा, चित्र थांबवा, कोडभोवती रेघ दाखवा आणि पुढच्या फ्रेम घेणं बंद करा, नाहीतर तोच कोड सेकंदात दहा वेळा येऊन दहा स्क्रीन उघडतील. फ्रेममध्ये दोन कोड असतील तर तुम्ही निवडू नका, दोन्हीवर खूण करा आणि बोट लावू द्या.

आणि मग कृती. कॅमेरा कोडवरून फिरला याचा अर्थ माणसाने होकार दिला असा होत नाही. खऱ्या कोडवर खोटं स्टिकर चिकटवणं हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे आणि कोड डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणजे खरं-खोटं बघायची जागा फक्त तुमची स्क्रीन आहे. लिंक असेल तर डोमेन ठळक दाखवा, अख्खी लांबलचक लिंक दाखवून मधला भाग कापू नका, ॲटच्या चिन्हाआधी ओळखीचं नाव घालून खरी साइट मागे लपवतात हेही लक्षात असू द्या. वायफाय असेल तर नेटवर्कचं नाव दाखवून विचारा. पैसे असतील तर कुणाला आणि किती हे दोन्ही मोठ्या अक्षरात हवं. फोन नंबर असेल तर डायलरमध्ये भरून ठेवा, कॉल माणसाला लावू दे. आपल्या ॲपच्या कामाचा कोड नसेल तर "अवैध कोड" असं खेकसण्यापेक्षा ही वेबसाइटची लिंक आहे, इथे तिकीट लागतं, असं सरळ लिहा.

गोदामात माल मोजायचं ॲप असेल तर मात्र हे सगळं उलटं. तिथे प्रत्येक कोडला "नक्की का?" विचारलं तर माणूस फोन फेकून मारेल. कॅमेरा चालूच ठेवा, बीप द्या, खाली यादी वाढत जाऊ द्या, शेवटची नोंद काढायचं बटण कायम समोर ठेवा आणि तोच कोड लगेच परत आला तर मोजू नका. दोन सारखे डबे मोजायचे असतील तर आकडा हाताने वाढवता येऊ दे. नेट नसेल तर वाचलेलं फोनमध्येच साठवून ठेवा, स्कॅन अडवू नका.

गॅलरीतून फोटो निवडायची सोय विसरू नका, कोड बऱ्याचदा त्याच फोनवर मेसेजमध्ये आलेला असतो, तो कॅमेऱ्यासमोर धरणार तरी कसा. हाताने नंबर टाइप करू दिला तर ईएएनचा शेवटचा तपास-अंक (आधीच्या आकड्यांवरून काढलेला, टायपिंगची चूक पकडणारा) लगेच पडताळा. न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर चालू असेल तर कोड अर्धवट दिसतोय, फोन डावीकडे न्या, असं बोलून सांगा, नुसता हिरवा चौकोन त्यांच्या काय कामाचा.

तपासायला टेबलावरचा सपाट छापील कागद घेऊ नका. स्वस्तातला जुना फोन घ्या, लेन्सवर बोटाचे ठसे असू द्या, गोल बाटलीवरचा, चुरगळलेला, तडा गेलेल्या स्क्रीनवरचा, अंधाऱ्या जिन्यातला असे कोड गोळा करा आणि फोन एका हातात धरून, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन बघा.