वर्षानुवर्षं अबरचबर खाल्लंय? गोळ्यांच्या आधी हे वाचा

बरीच वर्षं पाकिटातलं, तळलेलं, गोड, वेळी-अवेळी असं काहीबाही खाऊन काढली की मग जिना चढताना दम लागतो, केस गळतात, तळपायाला मुंग्या येतात, आणि एक दिवस माणूस पेटून उठतो आणि मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिनचा डबा उचलून आणतो. थांबा. डबा उघडायच्या आधी रक्त तपासा, कारण एकदा गोळ्या सुरू झाल्या की रिपोर्टमधले आकडे छान दिसतात आणि मुळात काय कमी होतं ते कळतच नाही. त्यात फॉलिक ॲसिडची एक गंमत आहे (गंमत कसली, डोकेदुखी). बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर ॲनिमिया सुधारल्यासारखा वाटतो पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं, आणि ते फार पुढे गेलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही.

तपासायचं काय? सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी), फेरिटिन, बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), किडनी आणि लिव्हर. यातलं फेरिटिन लोक हमखास सोडतात. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि तो फेरिटिनमध्येच दिसतो. फक्त ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना ही टेस्ट करू नका, तेव्हा आकडा उगाच वर जातो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये सांगा आणि निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

डॉक्टरकडे गेलात की काय खाता ते खरं सांगा, दारू पीत असाल तर तेही, कारण दारूने बी१ ची वाट लागते. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर बी१२ त्यामुळेही घसरतं. आणि सगळा दोष खाण्याच्या माथी मारू नका हो. पुरुषांमध्ये किंवा पाळी बंद झालेल्या बाईमध्ये लोह कमी निघालं तर पोटात, आतड्यात कुठे रक्त जातंय का ते बघावंच लागतं, नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता लोहाची गोळी, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चहा-कॉफीसोबत नाही, दुधासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नाहीच, मध्ये दोनेक तास जाऊ द्या. शक्यतो रिकाम्या पोटी, सोबत लिंबू किंवा संत्रं चालेल. मळमळ, बद्धकोष्ठता होतेय म्हणून चार दिवसांत सोडून देण्यापेक्षा एक दिवसाआड घेतली तर चालेल का ते डॉक्टरना विचारा, कारण गोळी घेतली की हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते साधारण २४ तास पुढच्या लोहाला आत शिरू देत नाही, म्हणजे रोज घेऊन दुप्पट फायदा होतो असं काही नाही. शी काळी होते, घाबरू नका. पण लोहाची गोळी चालू नसताना काळी, डांबरासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

व्हिटॅमिन डी जेवणासोबत घ्या, थोडं तूप-तेल पोटात असलं की नीट शोषलं जातं. आठवड्याला एक लिहिलेला मोठा डोस रोज घेऊन बसणारे लोक खरंच असतात. त्याने रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, सारखी तहान लागते, किडनीला मार बसतो. चिठ्ठी दोनदा वाचा.

बी१२ शाकाहारी लोकांना दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, पूर्ण वीगन, म्हणजे दूध-दहीही न खाणारे, असाल तर गोळी किंवा बी१२ घातलेले पदार्थ लागणारच, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. पायाला मुंग्या येतात आणि चालताना तोलही जातो असं असेल तर इंटरनेटवर वाचत बसू नका, लगेच दाखवा.

खाण्याचं म्हणाल तर सोमवारपासून सगळं बदलायचा बेत मला तरी पटत नाही, गुरुवारपर्यंत टिकत नाही तो. एकच जेवण धरा, त्यात डाळ, कडधान्य, अंडं, मासे, पनीर यातलं काहीतरी आणि एक भाजी ठेवा, बाकी दिवस आहे तसा राहू दे, ते अंगवळणी पडलं की दुसरं धरा. मात्र बरेच दिवस जवळजवळ उपाशी असाल किंवा वजन झपाट्याने उतरलं असेल तर एकदम भरपूर खायला लागू नका, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम धाडकन खाली येऊन हृदयापर्यंत त्रास जाऊ शकतो, तिथे डॉक्टरच्या देखरेखीखालीच सुरुवात हवी.

फरक कधी पडतो? लोह लागू पडत असेल तर हिमोग्लोबिन दोन ते चार आठवड्यांत हलायला लागतं, पण ते नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला गोळ्या साधारण तीन महिने चालू ठेवाव्या लागतात. केसांना कित्येक महिने लागतात, रोज कंगवा बघून हैराण होऊ नका. तीनेक महिन्यांनी तीच टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नसेल तर डोस मनाने वाढवू नका, अन्न शोषलंच जात नाहीये का, म्हणजे सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), जठराची सूज असलं काही आहे का, ते तपासायला सांगा.