पोरगं शाळेत पोचलं का नाही, हे शाळेकडून कसं कळवून घ्यायचं

आमचा मुलगा 4 दिवस शाळेला गेलाच नव्हता आणि आम्हाला कळलं शेजारच्या काकूंकडून, म्हणून हे लिहितोय. आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम 24 मध्ये सरळ लिहिलंय की शिक्षकांनी पालकांच्या नियमित मीटिंगा घेऊन मुलाच्या हजेरीबद्दल सांगायचं, म्हणजे आपण काही उपकार मागत नाही.

वर्गशिक्षकांशी आधी गोडीत बोला (बिचाऱ्यांना इतर कामंच ढीगभर असतात), नाही जमलं तर मुख्याध्यापकांना अर्ज द्या, मागणी एकच ठेवा, पोरगं गैरहजर असेल तर हजेरी झाल्या झाल्या व्हॉट्सॲपवर मेसेज, आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का घ्यायला विसरू नका, तोंडी बोलणं हवेत जातं.

झेडपीची किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती गाठा, तिथे 75 टक्के पालकच असतात, विषय मांडून ठराव करून घ्या. विनाअनुदानित खासगीत ही समिती सक्तीची नाही, तिथे पालक-शिक्षक संघात बोला. तरीही कुणी दाद देत नसेल तर गावाकडे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार. आणि हो, शाळेतला तुमचा मोबाईल नंबर जुना तर नाही ना, आमचा तोच होता!