नागपूरच्या उन्हात हाराजुकू: सुती हाओरी शिवून घ्यायची पद्धत

हाराजुकू म्हणजे टोकियोतला रस्त्यावरच्या फॅशनसाठी प्रसिद्ध भाग. तिथली स्टाइल करायची ठरली की बरेच जण आधी पॉलिस्टरचा छापील ‘किमोनो’ मागवतात. एप्रिल लागला की तो कपाटात जातो. पॉलिस्टर घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं, आणि चिकटलं की कपड्याची ढगळ, मोकळी पडण मोडते. या स्टाइलचा सगळा जीव त्या पडणीत आहे. म्हणून सुती कापड आणा आणि शिंप्याकडून हाओरीच्या कापाचं जॅकेट शिवून घ्या. हाओरी म्हणजे किमोनोवर घालायचं, समोरून उघडं राहणारं जॅकेट.

कॉलेजात कुणीतरी विचारतंच, ‘हे कॉस्प्ले आहे का?’ नाही. कॉस्प्लेमध्ये एखादं पात्र हुबेहूब उभं करायचं असतं, इथे आपणच असतो. छायाचित्रकार शोइची आओकी यांनी १९९७ ते २०१७ या काळात ‘फ्रूट्स’ मासिकात हाराजुकूच्या रस्त्यावरच्या ज्या पोरापोरींचे फोटो छापले, ते जुने कपडे, घरी शिवलेले कपडे आणि एखादी महागडी वस्तू असं सगळं एकत्र घालत. त्या हिशेबाने आजीच्या लुगड्याची हाओरी ही तयार नकलेपेक्षा हाराजुकूच्या कितीतरी जवळची आहे.

कापड गांधीबाग-इतवारीत भरपूर मिळतं. थंडीसाठी खादी किंवा जाडसर हातमाग, उन्हाळ्यासाठी मलमल. पन्हा ४४ इंच असेल तर पावणेदोन मीटर, ३६ असेल तर सव्वादोन मीटर घ्या. कापायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि सावलीत वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात बाह्या आखूड होतात. लुगडं वापरणार असाल तर आधी ते खिडकीसमोर धरा. जिथून उजेड जाळीसारखा दिसतो तो भाग विरलाय, तो सोडून द्या. काठ फेकू नका, गळपट्टीला त्याच्याइतकं शोभेल असं काही नाही.

किमोनोचं मूळ कापड साधारण ३६-३८ सेंटिमीटर रुंदीचं असतं आणि त्याचे सरळ चौकोनच कापतात. त्यामुळे कापड वाया जात नाही आणि शिवण उसवून पुन्हा जोडता येते. आपला कापही तसाच ठेवायचा. छाती ३६ ते ३८ इंच असेल तर अंगाचा एकच तुकडा, २५ इंच रुंद आणि ६० इंच लांब. तो खांद्यावर दुमडायचा, खांद्याला शिवण नाही. तयार उंची २८ इंच येते. दुमडीवर मधोमध गळा ७ इंच रुंद ठेवा आणि मागे जेमतेम अर्धा इंच खोल घ्या. मागचा गळा खोल गेला की जॅकेट सतत पाठीकडे घसरतं आणि मग दर दोन मिनिटांनी ते पुढे ओढत बसावं लागतं. समोर गळ्याच्या दोन्ही टोकांपासून तिरक्या रेघा ८ इंच खाली मध्यावर आणा, तिथून खालपर्यंत सरळ चीर द्या. बाह्या दोन, प्रत्येकी १९ इंच रुंद, १८ इंच लांब. गळपट्टी ५ इंच रुंद कापा, दुमडून २ इंच राहते. लांबी जोड देऊन ७० इंच करा.

शिंप्याकडे नुसता फोटो दाखवून काम होत नाही. सवयीने ते कुर्त्यासारखा गोल मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल काप) कापतात, खांद्याला उतार देतात. मग काखेत कापड गोळा होतं आणि पाठ वर चढते. कागदावर हे चौकोन मापांसकट काढून द्या आणि स्पष्ट सांगा: ‘दादा, मुंढा कापू नका, बाही सरळ रेघेत जोडा.’ बाही खांद्याच्या दुमडीपासून पुढे-मागे नऊ-नऊ इंच जोडली जाते. बगलेची शिवण खालून चार इंच आधी थांबवा, म्हणजे बसताना कापड ताणत नाही.

पुढचं काम स्वतः करा, ते शिंप्याला देऊ नका. हे काम साशिकोचं. साशिको ही जपानी टाक्यांची पद्धत म्हणजे आपला धावदोराच. जपानच्या थंड ईशान्य भागात कापूस पिकत नसे, म्हणून तिथली माणसं सुती चिंध्या एकावर एक ठेवून टाके घालत आणि कपडा उबदार, टिकाऊ करत. गोधडी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाठीवर किंवा कोपरावर निळ्या कापडाचं ठिगळ टाचा आणि खडूने एक-एक सेंटिमीटरवर रेघा मारा. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे चार पदर घ्या, लांबी हातभरच, जास्त घेतला की गुंता होतो. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वरचा खालच्यापेक्षा किंचित मोठा. आठ-दहा टाके झाले की अंगठ्याने कापड सरळ करा आणि रेघ वळते तिथे मागच्या बाजूला दोरा थोडा सैल सोडा. दोरा ताणला तर कापडाला चुण्या पडतात आणि इस्त्रीनेही जात नाहीत. गडद निळं ठिगळ टाचण्याआधी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, नाहीतर पांढरा दोरा निळसर होतो.

घालताना जॅकेट ढगळ असेल तर आतला टी-शर्ट अंगाबरोबरचा हवा. दोन्ही सैल असले की माणूस कपड्यात हरवतो. थरावर थर घालायची खरी मजा नागपुरात डिसेंबर-जानेवारीत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा मलमलचा एकच थर आणि बाहीची लांबी १८ ऐवजी १२ इंच. समोरून बंद करायचं असेल तर डावी बाजू वर घ्या. उजवी वर घेण्याची रीत जपानमध्ये मृतांसाठी आहे.

सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत गाडी चालवताना रुंद बाही हँडलला किंवा आरशाला अडकते, तो खरा धोका आहे. त्यावर जपानी उपाय आहे, तासुकी: सव्वादोन मीटरची सुती पट्टी दोन्ही काखांखालून घेऊन पाठीवर फुलीसारखी आणायची, बाह्या तिच्यात वर खोवायच्या आणि टोकं खांद्याजवळ घट्ट बांधायची. लोंबतं टोक ठेवू नका. कॉलेजात पोचलात की गाठ सोडा, बाह्या खाली येतात.