व्हीआर आणि आवाजाने रोबो चालवताय? या चुका टाळा

व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट डोक्यावर चढला की नवख्या माणसाला रोबोचा हात लगेच पूर्ण वेगाने फिरवून बघायचा असतो. नुकसान तिथूनच सुरू होतं.

सगळ्यात महागात पडते ती क्लचची चूक. क्लचचं बटण दाबलेलं असेल तेवढाच वेळ रोबोने तुमच्या हातामागे जायचं, सोडलं की जागीच थांबायचं. हात अवघडला की बटण सोडायचं, हात सोयीच्या जागी आणायचा, पुन्हा दाबायचं. आमच्या एका नवीन सहकाऱ्याने नेमकं हेच केलं. पण कोड त्याच्या हाताची जागा जशीच्या तशी रोबोला पाठवत होता. त्याने हात छातीशी आणून बटण दाबलं आणि रोबोचा हात झटक्यात तिकडे झेपावला. वाटेतला कॅमेरा स्टँडसकट आडवा. रोबोच्या आवाक्यात कोणी माणूस नव्हता म्हणून निभावलं. तो कोड घाईत मीच पास केला होता. तेव्हापासून बटण दाबल्या क्षणी माझ्या हाताची आणि रोबोच्या पंजाची, दोन्ही जागा नोंदवतो आणि पुढे फक्त फरक पाठवतो. वेगमर्यादा अ‍ॅपमध्ये नव्हे, रोबोच्या कंट्रोलरमध्येच घालतो. पहिला आठवडा पाव वेग. कुरकुर ऐकत नाही.

दुसरी चूक, ‘डावीकडे सरक’. कोणाच्या डावीकडे? रोबो तुमच्याकडे तोंड करून असेल तर त्याची डावी बाजू म्हणजे तुमची उजवी. तुमचं बोलणं समजून रोबोला हुकूम देणारं भाषेचं मॉडेल (एआय) विचारत बसत नाही, अंदाज बांधून मोकळं होतं. म्हणून मी दिशा सांगतच नाही, वस्तू सांगतो: ‘लाल डबा निळ्या ट्रेमध्ये ठेव.’ ठरलेला मार्ग आधी हेडसेटमध्ये दिसला पाहिजे, मग होकार. कोडमध्येही हाच घोळ असतो: युनिटीचे (व्हीआर दृश्य बनवायचं सॉफ्टवेअर) अक्ष डावखुरे, आरओएसचे (रोबो चालवायचं सॉफ्टवेअर) उजवे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे. रूपांतर एकाच ठिकाणी करा. जिथे उलटं दिसेल तिथे उणे चिन्ह लावत सुटण्याचा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही.

‘थांब’ आवाजावर सोडू नका. वाक्य ओळखेपर्यंत धडक झालेली असते. हाताशी खरं इमर्जन्सी बटण हवं.

रोबोच्या डोक्यावरचा कॅमेरा थेट डोळ्यांना जोडू नका, मळमळतं.

सिग्नल उशिरा पोचत असेल तर थोडं हलवा, थांबा, बघा. फेरेल या संशोधकाने एमआयटीत 1960च्या दशकातच पाहिलं होतं की उशीर असला की माणसं असंच काम करतात. आणि लिंक तुटली की रोबोने स्वतःहून थांबलं पाहिजे. केबल उपटून हे मी दर सकाळी तपासतो.