कामापुरती हिब्रू बोलायला कशी शिकावी

हिब्रू शिकायला बसलेले बरेच जण आधी २२ अक्षरे गिरवतात आणि तिथेच दमतात. रोजच्या लिखाणात स्वरांच्या खुणा बहुधा नसतात, त्यामुळे अक्षरे ओळखता आली तरी पाटी चटकन वाचता येत नाही. नोकरीसाठी किंवा फिरायला इस्रायलला जायचे असेल, तर आधी कान आणि जीभ तयार करा. अक्षरे मागून येऊ द्या.

१. दोन उच्चार घोटून घ्या

पहिला आपल्याला आयताच येतो. 'चाक', 'चमचा' यांतला च म्हणजे हिब्रूतले 'त्सादी' हे अक्षर. दुसऱ्याला थोडी मेहनत आहे: पुढे जिथे जिथे ख लिहिला आहे, तो आपल्या 'खडू'तला नाही. खाकरताना घसा जिथे घासतो, तिथून तो काढायचा. 'त्सारिख' (हवे, लागते) या शब्दात दोन्ही उच्चार आहेत. रोज तोच म्हणा.

२. शब्द प्रसंगासकट पाठ करा

एका शब्दापुढे एक अर्थ अशी यादी इथे फसवते. 'स्लिखा' म्हणजे माफ करा. पण बसमध्ये वाट काढताना, वेटरचे लक्ष वेधताना, पत्ता विचारण्याआधीही 'स्लिखा'च. 'बेवकाशा' त्याहून फिरता. काही मागताना म्हणतात, 'तोदा' (आभार) ऐकल्यावर उत्तर म्हणून म्हणतात, सुटे पैसे हातावर ठेवतानाही म्हणतात. दुकानदार प्रश्नाच्या सुरात 'बेवकाशा?' म्हणाला, तर 'बोला, काय देऊ' असे समजा.

'मा निश्मा?' म्हणजे काय चाललंय. उत्तर 'बेसेदेर', बरं आहे. हेच 'बेसेदेर' चालेल, ठीक, समजलं यांसाठीही चालते. 'रेगा' म्हणजे थांबा जरा. सोबत बोटे जुळवून वर केलेला हात दिसतो. तो धाक नव्हे, घाबरू नका.

'शालोम' सगळ्यांना माहीत असतो, पण ओळखीचे लोक निरोप घेताना 'याल्ला, बाय' म्हणतात: अर्धे अरबी, अर्धे इंग्रजी. छान, मस्त यासाठीचे 'सबाबा'ही अरबीतूनच आले. पुस्तकी हिब्रूत हे सापडणार नाही, रस्त्यावर मात्र पावलोपावली ऐकू येईल.

३. 'एफशार'वर भिस्त ठेवा

माझ्या मते नवख्याला सर्वांत उपयोगी शब्द हाच. 'एफशार' म्हणजे मिळेल का, जमेल का. बोलणारा पुरुष की बाई, याने तो बदलत नाही. 'एफशार मायिम?' पाणी मिळेल का? 'एफशार खेशबोन?' बिल देता का? जोडीला चार शब्द घ्या: 'येश' (आहे), 'एन' (नाही), 'एफो' (कुठे), 'कामा' (किती). 'येश खालाव?' दूध आहे का? 'एफो हाशेरुतिम?' शौचालय कुठे आहे? 'कामा झे ओले?' याची किंमत काय? एवढ्यावर बाजार निभतो.

४. मग लिंगभेद

'मी जातो', 'मी जाते' म्हणणाऱ्याला यात नवल वाटू नये. पुरुष 'अनी रोत्से' (मला हवे) म्हणतो, बाई 'अनी रोत्सा'. नवीन आहे ते 'तू'चे: पुरुषाला 'अता', बाईला 'अत'. अहो-जाहो नाहीच. डॉक्टर असो की म्हातारे आजोबा, 'अता'च; अनेकवचनी 'अतेम' आदरार्थी वापरलेत तर लोक मागे वळून दुसरे कोण आहे ते बघतील. वर्तमानकाळात 'आहे'ही लागत नाही. 'अनी मेहोदू', मी भारतातला, झाले वाक्य.

५. वार

आठवडा रविवारी सुरू होतो आणि वारांना क्रमांक आहेत. 'योम रिशोन', पहिला दिवस, म्हणजे रविवार. त्यामुळे 'योम शेनी', दुसरा दिवस, ऐकून मंगळवारी कामावर जाऊ नका, तो सोमवार. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत 'शब्बात', म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. म्हणून शुक्रवारी निरोप घेताना 'शब्बात शालोम' म्हणतात आणि शनिवारी सूर्यास्तानंतर 'शावुआ तोव' (आठवडा चांगला जावो). शब्बातमुळे शुक्रवारी दुपारनंतर बहुतेक शहरांत बस बंद होतात, तेव्हा शेवटची गाडी आधीच विचारून ठेवा.

६. सरावाला माणूस शोधा

स्थलांतरितांसाठीचे हिब्रू वर्ग, 'उलपान', गावोगावी असतात. अश्दोद, लोद, रामले, दिमोना इथे कोकणातून गेलेली बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) कुटुंबेही आहेत, आणि त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना मराठी येते. त्यांच्याशी गप्पा मारताना 'रोत्से' आणि 'रोत्सा'ची गल्लत झाली की तिथल्या तिथे टोकायला सांगा.