वाडा पाडण्याआधी त्याची नोंद कशी घ्यावी

पुण्यातल्या पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला की बिऱ्हाडं धायरी, वारजे, कोथरूड अशी पांगतात, पण विचारलं की 'आम्ही मूळचे नारायण पेठेतले' हेच ऐकू येतं. हे 'मूळचे' कशाचं बनलंय, ते वाडा उभा आहे तोवरच टिपता येतं. दोन रविवार आणि तीन माणसं पुरतात.

पहिला रविवार मोजमापाचा. लांब टेप, आलेखाचा कागद, आणि प्रमाण १:५०, म्हणजे १ मीटरला २ सेंटिमीटर. खोलीच्या चार भिंती मोजल्या की काम झालं असं समजू नका, दोन्ही कर्णही मोजा. वाड्यातली खोली क्वचितच काटकोनात असते. कर्ण नसले तर घरी कागदावर भिंती जुळत नाहीत आणि पुन्हा खेप पडते. मीटरबरोबर खणही लिहा. खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. जुना भाडेकरू चौरस फूट सांगत नाही, 'दोन खणांत सात माणसं होतो' म्हणतो.

खरी मेहनत सामाईक जागांवर घ्या: नळ, आड, संडास, चौक, जिन्याखालची सायकलींची जागा. प्रत्येकीपुढे रिवाज लिहा. नळावर पहिला हंडा कुणाचा? रात्री दिंडी दरवाजा कोण लावायचं? शेजार इथे घडतो, दिवाणखान्यात नाही.

वाडा नदीकडच्या पेठेत असेल तर १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुराची रेषा विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा आणि दोघांनी दाखवलेली उंची जोत्यापासून मोजा. रस्त्यापासून मोजाल तर फसाल. डांबराचे थर चढून रस्ता वर आलेला असतो. पुरानंतर कोण पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरला गेलं, कोण परतलं, हेही लिहा. 'पूरग्रस्त' हा शब्दसुद्धा पुण्यात पत्त्यासारखा चिकटला.

दुसरा रविवार बोलण्याचा. फोन घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर टेबलावरचा प्रत्येक कप ध्वनिमुद्रणात वाजतो. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ. मालक आणि भाडेकरू एकत्र बसवू नका, एक जण गप्प होतो. बायकांशी स्वतंत्र बोला. त्यांचा वाडा मागच्या दारापासून सुरू होतो.

'इथलं काय आवडायचं?' असं विचारलंत तर 'फार जिव्हाळा होता हो' एवढंच हाती लागेल. त्याऐवजी 'शाळेत कुठून जायचात, वळणं सांगा' म्हणा. मग रस्त्यांची नावं मागे पडतात. पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, पेरूगेट अशी देवळांची आणि नाक्यांची नावं बाहेर येतात. ती तशीच लिहा, सरकारी नावाने सुधारू नका. कुणी गंज पेठ म्हणेल, कुणी महात्मा फुले पेठ. दोन्ही नावं ठेवा आणि कोणतं कुणाचं तेही लिहा. शेवटी विचारा, वर्गणी कुठल्या गणपतीला द्यायचात. माणसाच्या मनातल्या पेठेची हद्द त्या उत्तरात असते, आणि ती नकाशावरच्या हद्दीशी बऱ्याचदा जुळत नाही.

फायलीला पेठ, सिटी सर्व्हे नंबर आणि तारीख असं नाव द्या. हा नंबर मिळकत पत्रिकेवरून, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावरून घ्या.

दारांवरच्या नावाच्या पाट्यांचे फोटो मात्र पहिल्याच दिवशी काढा. वाडा रिकामा होऊ लागला की सगळ्यात आधी त्याच निघतात.