हायब्रिडचं ॲव्हरेज कुठं गळतं: उद्यमनगरातल्या वहीतून

गाडी घेऊन दीड वर्ष झालं, तरी मिसळीच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो: "चार्जिंगला कुठं लावता?" कुठंच लावत नाही. ही स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली, हिला वायर नाही. पेट्रोल टाकायचं आणि चालवायची. बॅटरी ती स्वतःच भरते, थोडी इंजिनावर, थोडी ब्रेक मारताना. दुसरा प्रश्न मात्र रास्त असतो: "ॲव्हरेज किती देते?" आणि तिथं माझी अडचण होते, कारण याच गाडीनं मला १७ पण दिलंय आणि २४ पण. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. मधले सात किलोमीटर कुठं जातात ते वहीत सापडलं, ते सांगतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. मापाशिवाय हात चालत नाही, त्यामुळं पहिल्या टाकीपासून नोंद ठेवली. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. पंपावर पोरगं "झिरो बघा मामा" म्हणतं तेव्हा झिरो बघायचाच, पण नोझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की "बास" म्हणायचं. राउंड फिगर करायला ते आणखी दोन-चारदा दाबतं आणि तेवढ्यात हिशेब बिघडतो. शक्य तर पंप तोच, मशीनही तेच. फुल टाकी ते फुल टाकी किलोमीटर भागिले लिटर, एवढंच गणित. माझी एक नोंद: ७४२ किलोमीटर, ३५.१ लिटर, म्हणजे २१.१. त्याच वेळी डॅशबोर्ड २२.६ दाखवत होता. डॅशबोर्ड खोटारडा आहे असं नाही, पण जरा कौतुक करून सांगतो. आणि एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची सरासरी धरा.

कंपनीच्या जाहिरातीतला आकडा तुम्हाला रस्त्यावर दिसणार नाही. ती चाचणी रोलरवर होते, साधारण वीस मिनिटांची, एसी बंद, वेग ९० च्या वर जात नाही. त्या चाचणीच्या चक्राचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे अद्याक्षरं घेतली तर एमआयडीसी! आमची एमआयडीसी मात्र शिरोलीची. तिथं जाताना दाभोळकर कॉर्नर लागतो, कावळा नाका लागतो, तावडे हॉटेलजवळ ट्रक आडवे येतात. रोलरला यातलं काही माहीत नसतं. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला ठीक.

आता मुद्द्याचं. हायब्रिडची बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी नव्हे, कळशी आहे. माझ्या गाडीची पाऊण युनिटाची आहे, लाइट बिलात असतं तेच युनिट. तीही पुरती भरत नाही आणि पुरती रिकामीही होत नाही. आयुष्य टिकावं म्हणून गाडी मधलाच भाग वापरते. एकदा पन्हाळ्यावरून उतरताना मुलानं विचारलं, "पप्पा, एवढा उतार आहे, तर बॅटरी फुल्ल भरून आठवडाभर का चालत नाही?" घरी येऊन गणित मांडलं. माणसांसकट गाडी दीड टन, पन्हाळा खालच्या रानापासून साधारण ४०० मीटर उंच. तेवढं वजन तेवढं चढवायला १.६ युनिट लागतात. म्हणजे उतरताना चाकाची घासण आणि वारा आपापला वाटा घेतात हे खरं, पण उरलेलं धरायलाही कळशी पुरत नाही. अर्ध्या घाटातच ती काठोकाठ भरते. मग गाडी पेट्रोल न जाळता नुसतं इंजिन फिरवून वेग आवरते, आवाज वाढतो. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. लांब उतारावर गिअर लिव्हर 'बी'वर, म्हणजे इंजिनानं वेग आवरायच्या गिअरवर घ्या, ब्रेक तापत नाहीत. पण सपाटीवर 'बी' ठेवू नका, फुकट इंजिन फिरतं.

या कळशीमुळं पहिले दोन महिने माझी चूक झाली. डॅशबोर्डवर ईव्हीचा हिरवा दिवा लागला की पेट्रोल बंद, एवढंच डोक्यात बसलं होतं. तो दिवा विझू नये म्हणून मी रंकाळ्याच्या कडेनं ॲक्सिलरेटरवर अंडं ठेवल्यासारखा पाय ठेवून जायचो. मागनं रिक्षावाले हॉर्न मारायचे. आणि वहीत काय? १८.३! कारण सोपं आहे. ब्रेकमधून आलेली वीज फुकटची. बाकीची पेट्रोल जाळूनच तयार झालेली असते, वर बॅटरीत भरताना-काढताना थोडी सांडते. मी कळशी खडखडीत रिकामी करायचो, मग सिग्नलला उभं असताना इंजिन सुरू होऊन ती भरायचं. उभ्या गाडीत पेट्रोल जाळून वीज करायची, याहून महागडा धंदा नाही.

तेव्हापासून पद्धत बदलली. सिग्नल सुटला की इंजिनाला बिनधास्त चालू होऊ द्या, हव्या त्या वेगाला नीट जा, रांगत बसू नका. वेग आला की पाय जरा उचला. इंजिन आपसूक बंद होतं आणि गाडी बॅटरीवर तो वेग धरून ठेवते. उचलायचं काम इंजिनाचं, टिकवायचं काम बॅटरीचं.

आणि खरी कमाई ब्रेकमध्ये आहे. पुढं कावळा नाक्याचा सिग्नल लाल दिसतोय, तर शेवटपर्यंत पळत जाऊन करकचून दाबू नका. लांबूनच पाय काढा, मग ब्रेकवर हलका, एकसारखा दाब द्या. हलक्या ब्रेकला मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत जाते. जोरात दाबला की ब्रेक पॅड कामाला लागतात आणि बरंचसं डिस्कच्या उष्णतेत जातं. पॉवर मीटरचा काटा 'चार्ज'च्या पट्ट्यात राहील इतकाच दाब, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. अर्थात मध्ये कुणी आडवा आलाच तर ॲव्हरेज गेलं खड्ड्यात, ब्रेक पूर्ण दाबा.

आमच्याकडं एक जुनी खोड आहे: उतार दिसला की न्यूट्रल. माझे वडील जीपमध्ये हेच करायचे आणि आम्हाला ते कौशल्य वाटायचं. हायब्रिडला न्यूट्रल टाकलं की चार्जिंगच बंद. उताराची फुकट वीज वाया, वर गाडीवरचा ताबा कमी. सिग्नललाही 'डी'मध्येच ब्रेक धरून थांबा.

१७ चा आकडा आला तो मे महिना. त्यात घाट नव्हता, हायवे नव्हता. होत्या फक्त छोट्या फेऱ्या. साने गुरुजी वसाहतीतून दूध आणायला एक फेरी, मुलीला क्लासला सोडायला दुसरी, बँकेची तिसरी, सगळ्या दीड-दोन किलोमीटरच्या. थंड इंजिन सुरू झालं की पहिली काही मिनिटं ते स्वतःला आणि धुराच्या नळीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवण्यात घालवतं. बॅटरी भरलेली असली तरी. तापून तयार होतं तोवर आपण घरी पोचलेलो असतो. दोन तासांनी पुन्हा तेच. उपाय: तीन कामं एका फेरीत करा, लांबचं आधी, जवळची येताना. दुधाला चालत जा. माझं पोट एक इंच कमी झालं, तेही वहीत आहे.

त्याच मे महिन्यात एसी होता. हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळं इंजिन बंद असतानाही गार हवा येते, आणि माणूस त्या सुखाला भुलतो. महाद्वार रोडला बायको साडी बघत असताना मी अर्धा तास एसी लावून बसलो, त्या वेळात इंजिन किती वेळा सुरू झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी चारी काचा उघडून शंभर पावलं जाऊ द्या, गरम हवा निघून जाते, मग एसी लावा. तापमान २५ ठेवा. एसी बंदच ठेवा असं मी सांगणार नाही. कोल्हापूरच्या एप्रिलात ते मला जमत नाही.

हायवेला हायब्रिडकडून चमत्कार मागू नका. शहरात जी गाडी इतरांना मागं टाकते, ती पुण्याला जाणाऱ्या हायवेवर साध्या पेट्रोल गाडीच्या जवळ येते, कारण तिथं ब्रेकच नाही तर वीज कुठून यायची? उलट वारा अडवतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त होतो. मी ८०-८५ ला धरतो. टपावर कॅरिअर लावून ठेवलं असेल तर काढून ठेवा. उलट माझे सगळ्यात भारी आकडे कुठले म्हणाल, तर ऊस सीझनमधले. सासुरवाडी कळ्याला, फुलेवाडी-बालिंगा रस्त्यानं. पुढं कुडित्र्याच्या कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, टेपवर गाणी फुल्ल. ओव्हरटेक करायला जागा नाही. गाडी वीस-पंचविसानं बॅटरीवर सरकत राहते, मध्येच इंजिन जरा डोकावून जातं. २४.१ तिथलं आहे.

आणि तोच ऊस पुढं टाकीतही येतो. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्के कमी. प्रत्यक्ष फरक इंजिन त्यासाठी कसं बसवलंय त्यावर. यात आपल्या हातात काही नाही, पण जुन्या काळच्या आकड्यांशी तुलना करून गाडीला बोल लावू नका. ऊस लावणाऱ्या मेहुण्यासमोर मी हा विषय काढत नाही.

टायरची हवा पंधरवड्यातून एकदा, सकाळी, गाडी फिरवायच्या आधी. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, "पस्तीस टाकू का?" विचारणाऱ्याच्या मनावर सोडू नका. चाकं तापल्यावर दाब वाढलेला दिसतो, त्यावरून हवा काढू नका. रुंद टायरचा मोहही आवरा. दिसायला रुबाबदार, पण रस्त्याला जास्त चिकटून फिरतात. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, पातळ वाटलं तरी. हायब्रिडचं इंजिन दिवसात कैक वेळा बंद-चालू होतं, घट्ट ऑइल त्याला जड जातं. डिकीत कास्टिंगचे नमुने पडून होते, वजन केलं तर ५८ किलो निघाले. तेही उतरवले.

शेवटचं, ज्याकडं कुणी बघत नाही ते. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिच्यातून केबिनमधली हवा ओढून छोटा पंखा बॅटरी गार ठेवतो. जाळी कुठं आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. गेल्या वर्षी कांडपावरून वर्षाची चटणी, म्हणजे लाल तिखट, आणली. गरमागरम, कापडी पिशव्यांत, मागच्या सीटवर रचलेली. एक पिशवी नेमकी जाळीला टेकून. उद्यमनगरापर्यंत मागनं घों-घों आवाज यायला लागला. मला वाटलं बेअरिंग गेलं. पुढचे दोन आठवडे पंखा जरा कुठं ऊन लागलं की गरजायचा आणि गाडी ईव्हीवर टिकेना, कारण बॅटरी तापली की गाडी तिला जपून वापरते. सर्व्हिसिंगला गेलो तर "सगळं नॉर्मल आहे" म्हणून कागद हातात दिला. शेवटी रविवारी मीच जाळी काढली. मागं स्पंजासारखा पातळ फिल्टर, हातात घेतला तर लालभडक. दारात झटकला आणि मी, मुलगा आणि शेजारचं कुत्रं, तिघंही ठसकत बसलो. पंखा त्या दिवसापासून गप्प आहे. दर दोन महिन्यांनी जाळी बघा, सीट कव्हर बसवताना ती झाकली जात नाही ना तेही बघा.

यंदा चटणी पुढच्या सीटवर आली, डब्यात, बेल्ट लावून. बायको मागं बसली.